ब्रदर आर्नाऊ आवराआवर करतात

एका जंगलात एक गाव होतं. मुलांनो, जंगल म्हटल्यावर लगेच सिंहाची वाट पाहू नका. या गोष्टीत सगळी माणसंच आहेत, म्हणून जरा सांभाळून ऐका.

वाल्बोस्क हे त्या गावाचं नाव. गाव जंगलात इतकं आत, की बाहेरचा माणूस तिथे क्वचितच यायचा आणि आतला सहसा बाहेर जायचा नाही. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या लग्नं गावातल्या गावातच लागत गेली. जो तो दुसऱ्याचा काका, मामा, नाहीतर आतेभाऊ. साधं भांडायचं म्हटलं तरी नातेवाइकाशीच भांडावं लागे.

गावात एक छोटं चर्च होतं. तिथले धर्मगुरू म्हणजे म्हातारे फादर पोन्स. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती, आणि पेटीत होती रोमच्या पोपमहाराजांची फर्मानं. एका पोपची नव्हेत, आजवर होऊन गेलेल्या कितीतरी पोपांची. मोठ्या खुर्चीवर बसलं की माणसाला फर्मान काढावंसं वाटतंच. मी तर स्टुलावर बसूनही काढतो. घरात कुणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

एक फर्मान सांगे, सात पिढ्यांत पूर्वज एक निघाला तर लग्न नको. दुसरं सांगे, चार पिढ्या पाहिल्या तरी पुरे. तिसरं सांगे, रानावनातल्या लोकांना सांभाळून घ्यावं. सगळी फर्मानं खरी. सगळ्यांवर शिक्के.

एखादं जोडपं आलं की फादर पोन्स पेटीत हात घालून एक कागद काढत. तो डोळ्यांसमोर धरत, मान डोलावत आणि म्हणत, "हं. चालतंय."

की लागलं लग्न!

फादर पोन्सना वाचता येत नव्हतं. हे अख्ख्या गावाला माहीत होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे.

असंच सुरळीत चाललं होतं. मग एलिसेंदा आणि गिलेम यांचं ठरलं. एलिसेंदा मधमाश्या पाळायची. गिलेम लाकडाचा कोळसा पाडायचा. तिच्या काकाला, म्हणजे बेर्त्रानला, हा जावई पसंत नव्हता. कारण काय, तर बेर्त्रान एकदा ओढ्यात घसरून पडला तेव्हा गिलेम हसला होता. बेर्त्राननं चक्क शहरातून एक वाचता येणारा माणूस आणला. त्यानं पेटीतून नेमकं सात पिढ्यांचं फर्मान काढलं आणि चर्चच्या दारात मोठ्यानं वाचलं. लग्न दारातच अडलं.

त्याच सुमाराला ब्रदर आर्नाऊ फिरत फिरत गावात आले. ते डॉमिनिकन संन्यासी होते. अंगात पांढरा झगा, वरून काळी शाल. पायी हिंडावं, प्रवचन करावं, मिळेल ते मागून खावं, असा त्यांचा पंथ. शिवाय बोलोन्याच्या विद्यापीठात कायदा शिकलेले. म्हणजे भूक लागली तर मागून खायचे, पण मत न मागताच द्यायचे.

त्यांनी चेस्टनटच्या झाडाखाली बसून सगळी पेटी वाचून काढली. वाचता वाचता त्यांचे डोळे चमकू लागले.

"हा अन्याय नाही," ते म्हणाले. "हा पसारा आहे!"

"पसारा असू द्या, ब्रदर," एलिसेंदा म्हणाली. "तुम्ही आमचं लग्न लावा."

"लावतो की. आधी एवढं आवरतो."

आणि ते आवरायला रोमला गेले.

पोपमहाराजांना कल्पना फार आवडली. त्यांनी जगभरातली फर्मानं आर्नाऊंपुढे आणून ओतली. आर्नाऊ कात्री घेऊन बसले. एका प्रश्नाला एकच उत्तर, हा त्यांचा बाणा. सात पिढ्या काढून टाकल्या, चार ठेवल्या. रानावनातल्या लोकांना सांभाळून घेण्याचं फर्मान हाती आलं तेव्हा ते म्हणाले, "असं कुणाकुणाला सांभाळत बसायचं?" आणि त्यावर त्यांनी एक सरळ, सुबक रेघ मारली. रेघ इतकी छान आली, की त्यांनी ती शेजारच्या ब्रदरना दाखवली. प्रस्तावनेत लिहिलं, 'सूट म्हणजे कायद्याच्या कापडाला पडलेलं भोक.' या वाक्यावर तर ते आठवडाभर खूश होते.

वर्षं गेली. पुस्तक झालं. पोपमहाराजांनी जाहीर केलं, यापुढे हेच पुस्तक. बाकी सगळं रद्द.

आर्नाऊ पुस्तक छातीशी धरून जंगलात परतले. एलिसेंदा आणि गिलेम अजून थांबले होते. गिलेमच्या डोक्यावरचे केस मात्र थांबले नव्हते.

"आता एका मिनिटाचं काम," आर्नाऊ म्हणाले. त्यांनी पान उघडलं, बोटांवर पिढ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. दोघांचे पणजोबा एकच.

"नाही चालत," ते हळूच म्हणाले.

बेर्त्रान खदखदून हसला. तेवढ्यात त्याला आठवलं, आपल्या मुलाचंही मामेबहिणीशी ठरलंय. तो हसायचा थांबला. मग एकेक जण पुढे येऊन विचारू लागला आणि प्रत्येकाला एकच स्पष्ट उत्तर मिळालं. त्या कायद्यानं वाल्बोस्कमध्ये कुणाचंच कुणाशी लग्न होऊ शकत नव्हतं.

"आमच्या पेटीत एक 'हो' होतं," एलिसेंदा म्हणाली. "ते कुठे गेलं?"

आर्नाऊंना ती सुबक रेघ आठवली.

"मी खोडलं," ते म्हणाले.

फादर पोन्सनी हात पुढे केला. "आणा ते पुस्तक इकडे. मी शोधतो."

"फादर, त्यात नाहीच आहे ते!"

"तुम्हाला वाचता येतं ना, म्हणून सापडत नसेल."

आर्नाऊ हसले. त्या दिवशी त्यांनी कुणाच्याच दारात जेवण मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रोमच्या वाटेला लागले, सूट मागायला.

रोममध्ये आता नवं कार्यालय उघडलं होतं. तिथे एक तरुण कारकून बसला होता.

"सूट हवीय? तुम्ही ब्रदर आर्नाऊंचं पुस्तक वाचलंय का?"

"वाचलंय. लेखक जरा मठ्ठ वाटतो."

"तोंड सांभाळा!" कारकून ओरडला. "त्यात स्वच्छ लिहिलंय, सूट त्या मुलखाच्या बिशपनंच मागायची. कुठल्याही भटक्या संन्याशानं नाही."

"आमच्या जंगलात बिशपच नाही."

"मग अर्ज कसा येणार?"

एवढा चोख युक्तिवाद दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता. तो आर्नाऊंनाच सुचलेला होता.

शेवटी ते थेट पोपमहाराजांपुढे उभे राहिले. महाराज म्हणाले, "तुम्हीच लिहिलंत, सूट म्हणजे भोक. आता त्या जंगलाचे बिशप व्हा आणि पाडा काय भोकं पाडायची ती."

आर्नाऊंना घाम फुटला. बिशपची उंच टोपी, खुर्ची, नोकरचाकर यांपासून ते आयुष्यभर पळाले होते, आणि या पळण्याचा त्यांना मनातून थोडा अभिमानही होता. ते तापानं फणफणले. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आलं, की आपण नम्र राहिलो तर ती दोघं म्हातारी होतील. ताप उतरायच्या आतच त्यांनी होकार कळवला.

जंगलात पोहोचताच त्यांनी टोपी घातली, सूट मागितली, सूट दिली आणि सहीही केली. टोपी फांद्यांना अडकून वाकडी झाली होती. चर्च माणसांनी भरलं. बेर्त्रानही आला, कारण त्याला मुलासाठी सूट हवी होती.

आर्नाऊंनी विचारलं, "एलिसेंदा, या गिलेमचा नवरा म्हणून स्वीकार करतेस?"

एलिसेंदा म्हणाली, "विचार करून सांगते."

"आता?" आर्नाऊ किंचाळलेच.

"तुम्ही इतकी वर्षं घेतलीत, ब्रदर. मला एक दुपार द्या."

आणि ती मधमाश्यांकडे निघून गेली. सगळं गाव तिष्ठत बसलं. गिलेम रडकुंडीला आला. आर्नाऊंनी घाईघाईनं पुस्तक चाळलं. नवरीनं विचाराला किती वेळ घ्यावा, याबद्दल त्यात अक्षरही नव्हतं.

"हे कसं राहिलं हो?" फादर पोन्सनी विचारलं.

"देवाची कृपा," आर्नाऊ म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तेही वाट पाहू लागले.

उन्हं कलताना एलिसेंदा परत आली. तिच्या बोटाला मध लागला होता. गिलेमकडे पाहून ती म्हणाली, "बरं, हो."

तात्पर्य: कायदा नेहमी स्पष्ट, सुटसुटीत आणि एकाच पुस्तकात असावा. म्हणजे तो बाजूला ठेवायचा झाला, तर परवानगी कुणाकडे मागायची हे शोधण्यात वेळ जात नाही.