इन्स्पेक्टरसाहेबांची भारचाचणी

इन्स्पेक्टरसाहेबांनी स्वतःच्या डोक्याने घ्यायचा असा एकच निर्णय आयुष्यात शिल्लक होता, आणि तो नेमका निवृत्तीच्या तोंडावर समोर येऊन ठाकला. (बाकीचे सगळे बायकोने वेळच्या वेळी घेऊन टाकले होते.) ऑफिसने विचारलं होतं : मरेपर्यंत दरमहा पेन्शन घेणार, की सगळी रक्कम एकदम? एकदा सही केली की बदल नाही.

साहेबांचा जीव रकमेवर जडला होता. नोकरी गेली लिफ्ट तपासण्यात. आता तळ्याकाठी दोन खोल्यांचं बैठं घर घ्यायचं, जिथे चढणं नाही की उतरणं नाही, एवढीच त्यांची इच्छा. बायकोला मात्र पेन्शन हवी होती.

"एकदम हातात आलेल्या रकमेला पाय फुटतात," ती म्हणाली.

"आणि पेन्शन घेतली नि पुढच्याच वर्षी मी खपलो तर? बरीचशी रक्कम पाण्यात!"

"मग अजून किती वर्षं टिकणार ते सांगा, म्हणजे ठरवून टाकू."

ती वैतागून बोलली होती. पण साहेबांचं उभं आयुष्य हेच सांगण्यात गेलं होतं! अमुक दोर एवढी वर्षं जाईल, तमुक मोटर तेवढी. यंत्रावर पूर्ण भार टाकायचा, वर न्यायचं, आवाज ऐकायचा आणि उरलेलं आयुष्य लिहून द्यायचं. मग स्वतःचं का नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पिशव्यांत बटाटे भरून साहेब इमारतीच्या जिन्याशी उभे राहिले. लिफ्टच्या माणसाने जिना चढायचा म्हणजे शिंप्याने तयार सदरा विकत घ्यायचा! पहिला मजला त्यांनी झोकात पार केला. दुसऱ्यावर गुडघे कुरकुरायला लागले. तिसऱ्याच्या आधीच त्यांनी कठडा धरला आणि मनातल्या मनात स्वतःला नापास केलं.

"जावईबापू, लिफ्ट बंद पडली का?"

खालून सासूबाई येत होत्या. नव्वदी कधीच मागे पडलेली. जावयाच्या निवृत्तीसाठी म्हणून आल्या होत्या आणि लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं होतं म्हणून फिरून येताना रोज जिना चढत होत्या.

"नाही... जरा... तपासणी..."

"द्या त्या पिशव्या इकडे."

दोन्ही पिशव्या घेऊन त्या वर निघाल्यासुद्धा, आणि वर बोलत बोलत! "आमची थोरली ताई हल्ली अशीच धापा टाकते हो. म्हटलं, अगं, अजून शंभरी व्हायचीय, आत्तापासून काय दमतेस?"

साहेब पाहतच राहिले. कुरकुर नाही, थरथर नाही, वेग जराही कमी नाही. सबंध नोकरीत असं यंत्र त्यांच्या पाहण्यात नव्हतं. हात जोडावेसे वाटले, पण कठडा सोडायची हिंमत होईना.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बायकोही याच कारखान्यातली! रक्कम संपेल, आपणही संपू, आणि ही पुढे वीस-पंचवीस वर्षं कुणाच्या तोंडाकडे बघत बसेल? पेन्शन निदान आपल्यामागे हिलाही चालू राहील. तळ्याकाठच्या घराचं फार वाईट वाटलं. तरी त्याच दुपारी त्यांनी पेन्शनवर सही ठोकली.

संध्याकाळी ऐकून बायकोचे डोळेच भरून आले. "माझ्यासाठी तळं सोडलंत?"

"अगं, मी गेलो तरी निम्मी पेन्शन तुला जन्मभर मिळणार," साहेब छाती फुगवून म्हणाले.

"निम्मी?"

"हो. पूर्ण मी आहे तोवरच."

तिने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. इतक्या आदराने तिने लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून साहेबांच्या चहातली साखर गेली, गळ्याभोवती मफलर आला. रस्ता ओलांडताना ती त्यांचा हात धरू लागली. जिवंत असण्याची एवढी कदर होऊ शकते हे साहेबांना ठाऊकच नव्हतं. ते अगदी भारावून गेले.

त्याच भरात रविवारी ते पंखा पुसायला म्हणून स्टुलावर चढले. बायको स्वयंपाकघरातून किंचाळत धावत आली.

"उतरा आधी खाली! पडलात म्हणजे?" तिने त्यांना हाताला धरून अलगद खुर्चीत बसवलं, फडकं काढून घेतलं आणि आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "आई, तू चढ गं!"