सासूबाईंना बोट लागल्याचा तपास

टण्ण.

स्टीलच्या डब्याचं झाकण टेबलावरून घसरलं, खोलीभर घरंगळलं, स्वतःभोवती सात-आठ गिरक्या घेऊन लवंडलं, आणि अर्धा तास मांडीवर थोपटून झोपवलेली आमची धाकटी टक्क जागी झाली.

"कोणी जागचं हलू नका," आमचे हे म्हणाले.

हलायला जागा होतीच कुठे? बोटीवरच्या त्या खोलीत दोन पलंग खाली, दोन वर, एक टेबल, एक कपाट आणि आम्ही पाच जण. हलत होती ती बोट, आणि तिच्याबरोबर खालच्या पलंगावर पडलेल्या माझ्या सासूबाई. तोंड भिंतीकडे, पाय पोटाशी, बादली हाताशी.

ह्यांची ओळख मी ह्यांच्याच शब्दांत करून देते, कारण माझ्या शब्दांत दिली तर ती फार लवकर संपेल. ह्यांच्या तपासवहीच्या पहिल्या पानावर असं लिहिलेलं आहे: 'नजर घारीची. डोकं बर्फाचं. मज्जातंतू पोलादाचे. माझ्यापासून आजवर काहीही लपलेलं नाही.' हे एका कारखान्याच्या गोदामात माल मोजतात. तीन वर्षांपूर्वी तिथली हरवलेली मोजपट्टी ह्यांनी चार दिवस तपास करून शोधून काढली. ती ह्यांच्याच खिशात होती, पण शोधली ह्यांनीच, हे कोणालाही नाकारता येणार नाही. तेव्हापासून हे गुप्तहेर आहेत आणि मी साहाय्यक. साहाय्यकाने भिंग धरायचं, वही धरायची आणि धाकटीला धरायचं, एवढं सोपं काम असतं.

"झाकण दारापासून खिडकीकडे घरंगळलं," हे गुडघ्यांवर बसून म्हणाले. "म्हणजे ढकलणारा दाराकडे उभा होता."

दाराकडे हेच उभे होते. बोट कलली असेल, असं मी सुचवलं. निष्कर्ष काढणं साहाय्यकाच्या कामात बसत नाही, असं मला सांगण्यात आलं.

झाकणाचं जाऊ द्या. खरं प्रकरण सासूबाईंचं होतं. बोट सुटून दीड दिवस झाला होता आणि तेवढ्या वेळात त्यांच्या पोटात पाण्याचा घोटही ठरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट एका लहानशा गावासमोर नांगर टाकणार होती. तिथून लाँचने किनाऱ्यावर जायचं, सहा तास फिरायचं आणि परत यायचं. बाकी सगळे तिथे फोटो काढायला उतरणार होते. सासूबाई उतरणार होत्या त्यांच्या ताईला भेटायला. अठरा वर्षांत भेट नाही. ताईंचे गुडघे गेलेले, त्या गाव सोडत नाहीत. ही सगळी सहलच त्या सहा तासांसाठी होती.

आणि बोटीवरच्या डॉक्टरीणबाई सकाळीच बजावून गेल्या होत्या की लाँचमध्ये शिडीने उतरावं लागतं, चक्कर येणाऱ्या माणसाला त्या सोडत नाहीत. उद्या आठला तपासणार. तोवर थोडं खाल्लेलं पोटात टिकलं तर किनारा, नाहीतर खोली.

ते ऐकून सासूबाईंनी नुसती मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. त्यांचं ते मान हलवणं मला बघवलं नाही.

त्यांना बोट लागली आहे, हे मी एकदा म्हटलं, थोरलीने दोनदा म्हटलं. थोरली पाच वर्षांची आहे. पण ह्यांना ते मान्य नव्हतं. आमच्या घराण्यात कोणाला बोट लागत नाही, असं ह्यांचं म्हणणं. घराण्यातलं कोणी आजवर बोटीत बसलं नव्हतं, हा मुद्दा ह्यांनी किरकोळ ठरवला.

पहिला संशय चहा आणणाऱ्या वेटरवर. तो चहा देताना हसला होता. कामावर असलेला माणूस उगाच का हसेल? ह्यांनी त्याला बाहेर गाठून चहात काय घातलं ते विचारलं. तो म्हणाला, दूध. ह्यांनी वहीत लिहिलं, 'दूध' आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं.

दुसरा संशय शेजारच्या खोलीवर. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्या अत्तराचा वास आमच्यापर्यंत यायचा. पुरावा गोळा करायला हे त्यांच्या दाराच्या फटीशी नाक लावून ओणवे झाले. दार उघडलं. बाईंनी काहीही न विचारता ह्यांना सरळ उभं राहायला सांगितलं, शर्टाचं वरचं बटण लावायला लावलं आणि आता जा म्हणाल्या. हे परत आले ते बटण लावूनच.

मग आमच्या खोलीचा बंदोबस्त झाला. पुरावा हवेत उडून जाऊ नये म्हणून दार बंद, खिडकी बंद, पडदा ओढलेला. सासूबाईंनी पलंग सोडायचा नाही. त्यातून त्यांचा चार पानी जबाब. तो ह्यांनी मुंगीच्या अक्षरात लिहिला आणि सही करण्यापूर्वी शब्द न् शब्द वाचून घ्या म्हणून आईच्या हातात दिला. सासूबाई आज्ञाधारक. हलत्या बोटीत, बंद खोलीत, दिव्याखाली धरून त्यांनी वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर बादली लागली.

"बघ," हे मला म्हणाले. "खरं वाचलं की माणसाला सहन होत नाही."

तिसरा संशय म्हणजे कपाटातला हँगर. उघड्या कपाटात तो एका लयीत डुलत होता. ह्यांच्या मते हा संमोहनाचा प्रकार होता. खात्री करायला हे त्या हँगरकडे भिंगातून टक लावून बसले. पाच मिनिटं गेली. सात गेली. आठव्या मिनिटाला पोलादी मज्जातंतूंचा रंग पांढरा झाला, मग जरा पोपटी.

"माझ्यावरही प्रयोग झालाय," एवढं बोलून त्यांनी आईची बादली ओढून घेतली.

आता पलंगावर दोघं, मांडीवर एक, आणि थोरली वरच्या पलंगावरून खाली वाकून विचारत होती की बाबांचं घराणं बदललं का.

तेवढ्यात दार वाजलं. खोल्या आवरणाऱ्या बाई चादरी बदलायला आल्या होत्या. गुन्ह्याच्या जागी येऊ नका, असं ह्यांनी बादलीतून सांगितलं, पण ते नीट ऐकू गेलं नाही. बाईंनी आधी पडदा सारला, खिडकी उघडली. सासूबाईंना हाताला धरून खुर्चीत बसवलं, उशी उचलली, आणि थांबल्या.

उशीखाली कागदी रुमालांत गुंडाळलेले नऊ टोस्ट होते. नाश्त्याच्या टेबलावरच्या जॅमच्या आठ पुड्या होत्या. आणि एका हातरुमालाच्या गाठीत पाच गोळ्या. बोट सुटण्याआधी डॉक्टरीणबाईंनी दिल्या होत्या त्याच. एकही घेतलेली नव्हती.

घारीची नजर भिंतीकडे वळली.

सासूबाई चोरी पकडल्यासारख्या हसल्या. टोस्ट पोरींना मधेच भूक लागली तर असावेत म्हणून. जॅम ताईला, तिला लहानपणापासून आवडतो. खाल्लं का नाही? पोटात काही नसलं म्हणजे बाहेर काय येणार? आणि गोळ्या? औषध उगाच वाया घालवू नये. ताईकडे जायच्या दिवशी सकाळी सगळ्या एकदम घेणार होत्या, म्हणजे ताज्या ताज्या लागू पडतील.

मला हसावं की रडावं कळेना. ही बाई घरातही नवीन टॉवेल कपाटात ठेवते आणि विरलेल्याने अंग पुसते. तिने आजारपणाचं औषधसुद्धा चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं.

खोल्या आवरणाऱ्या बाई चादर झटकत म्हणाल्या की पहिल्यांदा बोटीत बसणारी निम्मी माणसं हेच करतात. रिकामं पोट जास्त ढवळतं. कोरडं, थोडं थोडं खायचं. बंद खोलीत पडून राहायचं नाही, वाचायचं तर मुळीच नाही. वर उघड्यावर, बोटीच्या मधोमध बसायचं, तिथे हेलकावा कमी. आणि लांब, पाणी आणि आभाळ मिळतात त्या रेघेकडे बघायचं. गोळी डॉक्टरांना विचारून एकच, आणि आत्ता. एवढं सांगून त्या पुढच्या खोलीत गेल्या. सगळा तपास दोन उशांचे अभ्रे बदलेपर्यंत आटोपला.

डॉक्टरीणबाईंनी एक गोळी घ्यायला लावली आणि आम्ही वर गेलो. मधोमध दोन खुर्च्या मांडल्या. एकीत सासूबाई, दुसरीत गुप्तहेर. वारा तोंडावर येत होता. मी टोस्टचा कोपरा मोडून सासूबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटापालटा करून बघितला.

"आणि बाहेर आला तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"आला तर आला, आई. राहिला तर उद्या ताई."

त्यांनी तो तोंडात टाकला. डोळे मिटून चावला. गिळला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. थोरलीने ताबडतोब नर्सचं काम हाती घेतलं. कोणाची मान जरा खाली गेली की, आजी रेघ बघ, बाबा रेघ बघा. दहा मिनिटं गेली. आणखी एक कोपरा. मग सफरचंदाची फोड. घोटभर पाणी. ऊन कलेपर्यंत अडीच टोस्ट आत गेले होते आणि आतच होते. सासूबाईंच्या गालांवर रंग आला आणि त्यांनी मला पहिली सूचना केली, की धाकटीला टोपी घाल. तेव्हा मी ओळखलं, आता काळजी नाही.

सकाळी आठला डॉक्टरीणबाई आल्या. सासूबाईंना उभं केलं, डोळे मिटून चालवलं, नाडी बघितली आणि जा म्हणाल्या. मग ह्यांच्याकडे वळल्या. ह्यांनी रात्री पलंगात पडून, भिंग लावून, प्रकरणाचा समारोप लिहिला होता. डॉक्टरीणबाईंनी ह्यांचा चेहरा बघितला आणि ह्यांना खोलीतच ठेवलं.

वहीतलं शेवटचं वाक्य मी निघताना वाचलं: 'आरोपी: समुद्र. पत्ता: सगळीकडे. अटक करणं तूर्त शक्य नाही.' मी ह्यांच्या उशाशी दोन टोस्ट ठेवले, कपाळावर हात ठेवला. आईला तो जबाब वाचायला द्यायला नको होता, असं हे भिंतीकडे बघत म्हणाले. मी म्हटलं, सही राहिलीच आहे, रद्द करता येईल.

ताई धक्क्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. सकाळी सहापासून, असं त्यांना घेऊन आलेल्या शेजारणीने सांगितलं. सासूबाई लाँचमधून उतरल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"किती वाळलीस," ताई म्हणाल्या.

"तू कुठे बसलीयेस उन्हात," सासूबाई म्हणाल्या, आणि आपला पदर त्यांच्या डोक्यावर धरला.

पुढचे सहा तास त्या एका बाकावर बसल्या. घरी चला म्हटलं तर रस्त्यात वेळ जाईल म्हणाल्या. जॅमच्या पुड्या एकेक फोडून दोघींनी बोटाने चाटल्या. निघायची वेळ झाली तेव्हा ताईंनी सासूबाईंची मनगटं धरली आणि सोडायला थोडा उशीर केला, एवढंच.

लाँच सुटली. पाणी अगदी स्वस्थ होतं. सासूबाई धक्क्याकडे तोंड करून बसल्या, खुर्ची ठिपक्याएवढी होईपर्यंत. थोरली माझ्या शेजारी होती. धाकटीचं पाऊल तिने आपल्या मुठीत घट्ट धरलं होतं. एकदा तिने आजीकडे बघितलं, एकदा मागच्या किनाऱ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "आम्ही दोघी मोठ्या झालो की आम्हालापण बोटीत बसूनच भेटावं लागणार का?"