कोणाच्या नावाने गाडी पुसायची

«चि. जुवॉनचा पहिला वाढदिवस»

"तो नाही. ठेवा खाली."

प्यो दोकसूने टॉवेल खाली ठेवला. बायको मिरान स्वयंपाकघरात वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप ढवळत होती. तिची पाठ त्याच्याकडे होती, तरी कपाटातून कोणता टॉवेल निघाला हे तिला कळत होतं.

"माझ्या भावाचं पोर आहे ते. त्याच्या नावाने चाकं पुसणार?"

"चाकं नाही गं, बोनेट."

"बोनेटसुद्धा नाही."

«नव्या चर्चच्या उद्घाटनानिमित्त सप्रेम»

"हा?"

"हिंमत आहे का तुमची?"

हिंमत नव्हती.

टॉवेल त्या घरात कधी कोणी विकत आणलाच नव्हता. शेजारच्या घरातही नाही, त्याच्या शेजारीही नाही. कोणाची साठी असो, निवृत्ती असो, दुकान उघडलेलं असो, जेवून निघताना हातात टॉवेल पडतो. कोपऱ्यात नाव छापलेलं असतं. मग तो माणूस वर्षानुवर्षं तुमच्या न्हाणीघरात लटकत राहतो. त्याच्या नावाने तोंड पुसता येतं, पाय पुसताना जरा अवघडल्यासारखं होतं. आणि गाडी पुसायची म्हटलं की घरात सभा भरते.

विकतचा असा अपवाद एकच होता. गाडीसाठीचा, निळा, जाड, पाणी घटाघटा पिणारा. काल मिरानने तो सॉफ्टनर घालून धुतला होता.

"बघा, कसा लोण्यासारखा झालाय!"

"लोण्यासारखाच झालाय. आता थेंबभर पाणी शोषणार नाही तो."

"मी मेली चांगलं करायला जाते..."

"अगं, चांगलंच केलंस. पण मी बाबांना आणू कसा?"

इथे मिरानचा हात थांबला. कारण खरा प्रश्न टॉवेलचा नव्हताच. तिचे वडील, ना गिछुल, यांनी सारा जन्म स्वतःची टॅक्सी चालवली होती. मागच्या हिवाळ्यात डोळ्यांनी दगा दिला तेव्हा ते पोलीस चौकीत जाऊन लायसन्स परत देऊन आले. त्या दिवसापासून ते कोणाच्याही गाडीत बसले नव्हते. पाय नेतील तितकंच जायचं, आणि पाय नेत होते भाजीवाल्यापर्यंत. जावई न्यायला गेला की खिडकीतून खाली बघायचे आणि म्हणायचे, "घाणेरड्या गाडीत मी बसत नाही." दार बंद.

आज त्यांचा वाढदिवस होता.

"आज गाडी अशी चकचकीत करा की त्यांना बोलायला जागा उरू नये," मिरान म्हणाली. तिने हात पुसले, कपाट उघडलं आणि एक कोरा, गुबगुबीत टॉवेल त्याच्या छातीवर आपटला.

«विभागप्रमुख को साहेबांच्या निवृत्तीनिमित्त»

"घ्या. माझा जुना साहेब. याच्या नावाने काय हवं ते पुसा."

दोकसूने गठ्ठ्याच्या तळातून आणखी एक न बघताच ओढला आणि तो पळाला.

*

गाडी धुण्याची जागा सासऱ्यांच्या घराखालीच होती. हा बेत दोकसूचाच. इथे धुवायची, इथेच पुसायची, आणि धूळ बसायच्या आत सासरे बसवायचे. फेस झाला, फवारा झाला, काळी गाडी उन्हात आणून लावली. आता लवकर पुसायला हवी होती, नाहीतर थेंबांचे पांढरे डाग पडले असते. त्याने को साहेब उलगडले आणि बोनेटवरून प्रेमाने फिरवले.

को साहेब गळू लागले.

कोरा टॉवेल तो, पहिल्यांदाच भिजत होता. पांढरी लव बोनेटवर चिकटली. ती काढायला दोकसूने दुप्पट जोर लावला, तर टपावरही लव आली. दारं, काचा, आरसे, काही सुटलं नाही. थोड्याच वेळात काळ्या गाडीची मेंढी झाली.

शेजारी पांढरे हातमोजे घालून आपली गाडी पुसणारा माणूस तिरक्या नजरेने बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"भाऊ, लोकर कधी कापणार?"

दोकसूने फवारा मारून गाडी पुन्हा धुतली. उरलेला टॉवेल काढला. जुना, विटलेला, आरपार दिसेल इतका झिजलेला. पण काय पुसत होता! एक हात फिरवला की पाणी गायब, मागे ना लव ना रेघ. दोकसू शीळ घालायला लागला. टप झाला, बोनेट झालं. चाकांजवळ तो उकिडवा बसला, आणि समोर जमिनीवर दोन चपला दिसल्या.

"प्यो जावई."

"बाबा! तुम्ही खाली कशाला आलात?"

"वरून बघवेना." सासऱ्यांची नजर त्याच्या हाताकडे गेली. "दाखव."

दोकसूने मुठीतला टॉवेल पाहिला. चाकाच्या काळ्या चिखलातून अक्षरं वर आली होती.

«सौ. चांग मलसून यांची साठी»

सासूबाई. जाऊन पाच वर्षं झालेल्या.

"बाबा, मी... मी वाचलंच नाही हो. तळाचा होता. मिरानला माहीत नाही. मी घरी जाऊन हाताने धुतो, उकळतो..."

सासऱ्यांनी टॉवेल काढून घेतला. झटकला. अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग त्याची घडी घातली, पुन्हा अर्धी केली.

"अक्षरं आत," ते म्हणाले. "छपाईने ओरखडे पडतात. एवढंही कळत नाही?"

"हो, बाबा."

"दोनशे छापले होते तिने. माणसं आली निम्मीसुद्धा नाहीत. उरलेल्या टॉवेलांनी टॅक्सी पुसत आलो. ती म्हणायची, माझ्या नावाने पुसताय तर निदान नीट पुसा."

«                    »
(अक्षरं आत.)

त्यांनी पुसली. दाराच्या कडा उघडून पुसल्या, आरशामागे साचलेलं पाणी टिपलं. हातमोजेवाला आपली गाडी सोडून बघत उभा राहिला. सगळं झाल्यावर सासऱ्यांनी पुढचं दार उघडलं. स्टिअरिंगच्या बाजूचं. आणि आत बसले.

"बाबा, लायसन्स..."

"ओली आहे अजून. ओली गाडी कोण चालवतं? वाळेपर्यंत बसतो. वाळली की पलीकडे सरकतो, मग तू ने."

त्यांनी आरसा आपल्या डोळ्यांच्या उंचीला आणला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, चालवताना ठेवतात तसेच, आणि बंद गाडीतून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मान ताठ झाली होती.

गाडी खडखडीत कोरडी होती.

मिरानचा फोन आला. "तयार झाले का? सूप गार होतंय."

"येतायत. येतायत गं. फक्त गाडी वाळत नाहीये."

"एवढ्या उन्हात?"

"काय करणार. दमट आहे."

त्याने फोन ठेवला, नळाखाली बादली भरली आणि गाडीच्या मागे जाऊन हळूच, आवाज होणार नाही अशी, सगळी बंपरवर ओतली.

आरशात सासऱ्यांचे डोळे होते. त्यांनी पाहिलं. मग गुपचूप डावीकडे वळायच्या दिव्याची दांडी खाली केली, गाडी रस्त्याला काढताना करतात तशी.