पंच्याहत्तर किलोचा पोल

ब्याऐंशी साली मी ठरवलं, आता जरा ताठ पोल घ्यायचा. पोल व्हॉल्टमध्ये मी तीन मीटर वीसच्या वर काही जात नव्हतो. (उडी मारत होतो, फक्त आडवी काठी सोबत घेऊन पडत होतो.) त्या वर्षी विभागीय संघात निवड झाली, तर खेळाडू म्हणून मला हेडक्लार्कची जागा मिळणार होती. एरवी ती जागा मिळण्यासारखा एकही गुण माझ्यात नव्हता.

खात्याचे क्रीडा सचिव चंपतराव म्हणाले, "तुहा पोल नरम आहे गा, वामन. तो तुले वर फेकतच नाही. हा घे. पण याले वाकवाले स्पीड लागते."

पोलवर लिहिलं होतं, ७५ किलो, म्हणजे उडणाऱ्याचं वजन तेवढं हवं. माझं वजन सहासष्ट. चौतिसाव्या वर्षी स्पीड कुठून आणणार? पण नऊ कमी पडतात म्हणजे नऊ भरून काढायचे, एवढं कारकुनाला कळतं.

"गोपिका, मले वजन वाढवाचं आहे वं."

"काहून? उडाचं आहे ना?"

"त्याच्याचसाठी."

बायकोनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. लग्नाला दहा वर्षं झाली होती, म्हणून पुढं काही विचारलं नाही.

दोन महिने मी खाल्लं. पोरींच्या वाटचं तूपसुद्धा खाल्लं, हे सांगताना आजही लाज वाटते. वाडीतल्या आमच्या खोलीशेजारी ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं. तिथल्या काट्यावर दर रविवारी मिरचीच्या पोत्यांमागे नंबर लावून मी वजन करायचो. शेवटी भरले पंच्याहत्तर! हमालांनी टाळ्या वाजवल्या.

निवडीच्या दिवशी गोपिका पोरींना घेऊन मैदानावर आली. मी धावलो. (धावलो असं आपलं मी म्हणतो.) पोल खड्ड्यात टेकवला. तो वाकला नाही. जन्मभर साहेबांपुढं वाकलो मी, आणि हा मेला इंचभर वाकेना! त्यानं मला वर नेलं, अर्ध्यात विचार बदलला आणि आलो त्याच बाजूला परत आणून आपटलं. सगळं मैदान हसलं. धाकटी पोर तेवढी रडली. बढती गेली, हे मला पाठीवर पडल्या पडल्याच कळलं.

चंपतराव धावत आले. माझं पोट निरखून म्हणाले, "लागलं काय गा? बरं, तुले रस्सीखेचमंधी घेऊन राहिलो. सगळ्यात मांगं उभं राहाचं."

"अन् कराचं काय?"

"काई नाही. फक्त जागचं हलाचं नाही."

"मंग काळजीच नोका करू, भाऊजी," गोपिका म्हणाली. "ऑफिसात येवढे वर्षं हेच तं करून राहिले."