पाच म्हणजे पाच!

"तू बघच वल्लरी! रविवारी सहापर्यंत तुला इतक्या मैत्रिणी मिळतील, की नावं लिहून ठेवायला वही लागेल!"

कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर पुष्करनं ही गर्जना केली, तेव्हा वल्लरीनं सोनूला फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ती अमरावतीची. पुण्यात जेमतेम रुळत होती, तोच सोनू झाला. गेले चार महिने तिचं बोलणं म्हणजे "आले आले", "झालं झालं" आणि "शी केली का?" एवढंच उरलं होतं. परवा तिनं कुरिअरवाल्याला पाणी विचारलं, चहा विचारला आणि शेवटी सोनूची टोपडी दाखवायला घेतली. बिचारा सही न घेताच पळाला! त्याच दुपारी तिनं जाहीर केलं, "सोमवारच्या गाडीचं तिकीट काढलंय मी. रविवारपर्यंत बोलायला एक तरी माणूस मिळालं नाही, तर मी आणि सोनू चाललो अमरावतीला. सहा महिने!"

सोनूच्या टाळूचा वास घेतल्याशिवाय पुष्करला हल्ली झोप येत नसे. पण तो कंपनीत चाळीस माणसांचं काम सांभाळणारा गडी. पाच-सहा आया आणि त्यांची बाळं म्हणजे काय मोठंसं!

त्यानं सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली : 'बाळांचा कट्टा. रविवार, सायंकाळी ५ ते ६, क्लब हाऊस.' एवढ्यावर थांबला तर तो पुष्कर कसला! खाली अकरा नियम. पाच म्हणजे पाच. पाच वाजून पाच मिनिटांनी दार बंद. सहापर्यंत कुणीही बाहेर पडायचं नाही. फोन दारातल्या डब्यात. न विचारता सल्ले देऊ नयेत. दुसऱ्याच्या बाळाला 'बारीक झालंय' म्हणू नये. आणि दारावर बसवलं कुणाला, तर शरच्चंद्र काकांना! काका सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी ठरल्या वेळेला खिडकी बंद करण्यासाठी त्यांचा हात अजून शिवशिवायचा.

रविवारी पुष्करनं हॉलमध्ये दहा छोट्या गाद्या घातल्या, त्यांना क्रमांक चिकटवले. बाळांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून पडदे ओढले आणि स्पीकरवर अंगाई लावली. मोठ्यांदा! पाच वाजले. पाच वाजून पाच मिनिटं झाली. काकांनी बाहेरून कडी घातली.

आत माणसं तीन. पुष्कर, वल्लरी आणि सोनू.

"काहून नाही आलं रे कोणीच?" सव्वापाचला वल्लरी म्हणाली.

"ट्रॅफिक असेल."

"जिन्यात?"

साडेपाचला तिचे डोळे भरून आले. "जाऊ दे. मी बॅग भरते," म्हणत तिनं सोनूला त्याच्या हातात दिलं, डोळे पुसायला पडद्याचं टोक ओढलं आणि थबकली.

बाहेर पायऱ्यांवर सहा आया मांडीवर सहा बाळं घेऊन बसल्या होत्या! चार-पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन घराबाहेर पडायला काय लागतं, हे पुष्करखेरीज साऱ्या सोसायटीला ठाऊक होतं. ऐन दारात कुणी ओकलं होतं, कुणी लंगोट भरला होता. पहिली आई पाच वाजून सहा मिनिटांनी पोचली. "वेळ संपली," काकांनी घड्याळ दाखवलं. पण एवढा खटाटोप करून खाली आल्यावर परत वर कोण जाणार? एकेक करून त्या पायऱ्यांवरच टेकल्या. आता स्पृहा नावाची एक उंच बाई पाठ केल्यासारखे ते अकरा नियम म्हणून दाखवत होती आणि बाकीच्या पोट धरून हसत होत्या.

"हा असा माणूस जिच्या घरात आहे," स्पृहा म्हणाली, "तिला भेटायलाच मी आलेय!"

"मीच ती!" वल्लरी ओरडली. काका कडी काढेनात. मग काय! आंब्याच्या झाडांवर चढून वाढलेली पोर ती; खिडकीतून टुणकन बाहेर!

"बाळं द्या गं आत! दहा गाद्या रिकाम्या पडल्यात!"

खिडकीतून एकेक बाळ आत येऊ लागलं. पुष्कर किंचाळला, "काका, अहो थांबवा!"

"नियम दाराबद्दल आहे," काका म्हणाले. "खिडकीबद्दल आपण काही लिहिलेलं नाही."

दहा मिनिटांत पुष्करच्या एका मांडीवर दोन, दुसरीवर एक, खांद्यावर सोनू, आणि उरलेली तीन एकसुरात रडणारी! हाताच्या अंतरावर, खिडकीबाहेर, वल्लरी हसत होती. किती महिन्यांनी! मधेच तिनं डब्यातला आपला फोन काढून खिडकीशी धरला. तिकीट रद्द!

पुष्करला इतकं बरं वाटलं की त्याला रडूच फुटलं. नेमकं तेव्हाच डावी मांडी गरम झाली.

"काका, आता तरी मला बाहेर येऊ द्या हो!"

काकांनी घड्याळ पाहिलं. "पाच बेचाळीस. सहापर्यंत कुणीही बाहेर पडायचं नाही. अक्षर आपलंच आहे."

सोमवारी फळ्यावर नवी सूचना लागली, वल्लरीच्या हातची : 'कट्टा. दर रविवारी, पाच-साडेपाचच्या सुमारास, पायऱ्यांवर.'

खाली नियम एकच होता.

'पुष्कर आत.'