भिंतीवरच्या सासूबाई

फोटोतली बाई मी आहे, असं मी चार दिवस बोंबलून सांगत होते. एकाने विश्वास ठेवला असेल तर शपथ. (या घरात माझा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, म्हणणं कोणाला ऐकू येत नाही.)

झालं असं, सासूबाईंचं वर्षश्राद्ध आलं आणि भिंतीवर लावायला फोटोच नाही! कॅमेरा दिसला की म्हातारी तोंड फिरवायची. फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणे. आमच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत तेवढी सापडली, तीही विहिणीच्या मागे दडलेली, अर्धी मान वळवून. माझी नणंद प्रेमा मानखुर्दहून आली आणि रडायलाच लागली, "वहिनी, मला आईचा चेहरा आठवेनासा झालाय गं. कायतरी कर."

चारकोपच्या नाक्यावर स्टुडिओ आहे, तो ग्रुप फोटो घेऊन तिथे गेले. तो म्हणाला, "चेहरा यातून उचलतो. धड कोणाचं तरी लागेल."

म्हटलं, माझं घे. नऊवारी नेसले, डोक्यावर पदर घेतला, बसले.

फोटो आला. धड माझं, आणि चेहराही माझाच! वरून केस तेवढे पांढरे रंगवलेले.

"अहो, ही मी आहे!"

आमचे जयवंतराव चष्मा पुसून म्हणाले, "कायतरीच! तुझं तोंड एवढा वेळ बंद राहील का?" आणि त्यांनी हात जोडले. (वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तेही फोटोला.)

श्राद्धाला प्रेमा पुन्हा आली. फोटोसमोर उभी राहिली, काचेवरून हळूच हात फिरवला. "आई गं, किती दिवसांनी दिसलीस!"

माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि खीर बघायला आत गेले.

तेवढ्यात दारात पुतळाबाई कोळीण. तिने हार बघितला, उदबत्ती बघितली, आणि डोक्यावरची पाटी खाली टाकून असा गळा काढला, "आगो बाय माझे, शेवंते! काल तर पापलेटावरनं माझ्याशी भांडलीस गो! गेलीस कशी?"

माझ्या नावाने कोण रडतंय म्हणून मी खिरीचं पातेलं घेऊनच बाहेर धावले. मला बघून ती "भूत!" म्हणून किंचाळली, मी दचकले, आणि खीर सगळी लादीवर.

प्रेमाने फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा फोटोकडे. तिचा ओठ थरथरायला लागला.

चार दिवस घसा फोडणारी मी, तीच मी ओरडले, "पुतळे, डोळे तपासून घे! सासू आहे ती माझी! कुठे ती माऊली आणि कुठे मी!"

"तेच तर मी सांगतोय," जयवंतराव लगेच म्हणाले. (नको तिथे या माणसाला माझं पटतं.)

प्रेमाने पदराने डोळे पुसले. "आईच आहे. हुबेहूब काढलीय. फक्त नजर जरा तापट वाटते, ना रे दादा? आई असं कधी बघायची नाही. बिचाऱ्या स्टुडिओवाल्याच्या डोक्यावर कोण उभं होतं?"

जयवंतराव लादी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "शेवंती."