लाल डोळा, पिवळा डोळा

गुरुनाथ देवस्थळीला बायको पसंत करायला एक संध्याकाळ पुरली होती आणि अमेरिकेत अ‍ॅशबर्नमधलं घर पसंत करायला एक दुपार. क्रोनोग्राफ पसंत करण्यात मात्र अख्खा उन्हाळा गेला, तरी निकाल लागेना.

क्रोनोग्राफ म्हणजे बंदुकीतून सुटलेली गोळी किती वेगानं गेली ते सांगणारं यंत्र. सिटिझन झाल्यावर गुरुनाथनं शेजारच्या अर्लच्या नादानं रायफल घेतली आणि हळूहळू बेसमेंटमध्ये स्वतःची काडतुसं स्वतःच भरू लागला. काडतुसं एकसारखी भरली असली तर गोळ्या एकसारख्या वेगानं जातात. नाही गेल्या, तर भरणाऱ्याचा हात कच्चा. आता हा हात कच्चा की पक्का, यावर बेसमेंटचा कोपरा टांगणीला लागला होता, कारण सुवर्णाला नेमकं तिथंच मातीकामाचं चाक मांडायचं होतं.

"दसऱ्यापर्यंत सिद्ध कर," तिनं बजावलं होतं. "हात पक्का निघाला तर कोपरा तुझा. नाहीतर तुझं ते टेबल उचल, मी मडकी घडवते. मडक्यात निदान पाणी तरी ठेवता येतं."

"अगं, पण मोजायला यंत्र नको? रडारवालं घ्यावं तर दिवाळं निघेल. स्वस्तातलं घ्यावं तर एक जण लिहितो ढगाळ हवेत चालत नाही, दुसरा लिहितो उन्हात चालत नाही."

"म्हणजे ग्रहणात चालत असेल," सुवर्णा म्हणाली.

अर्लकडे रडारवालं होतं. तो म्हातारा बोलायचा इंग्रजीतच, पण आपण ते मराठीत ऐकू. "गुरू, माझं घेऊन जा की लेका!" पण परीक्षेला उसन्या पेनानं बसू नये, ही गुरुनाथच्या आईची शिकवण. अखेर लेकीलाच वीट आला. "बाबा, जस्ट पिक वन!" म्हणत अनिकानं त्याच्या फोनवर बोट दाबलं आणि उन्हाळाभराच्या संशोधनाचा एका क्षणात निकाल लावला.

यंत्र आलं ते खंडेनवमीला, गुरुनाथ डेटा सेंटरमध्ये कामावर असताना. सुवर्णानंच खोकं उघडलं. आत लांबट डबा, वर काचेचे दोन डोळे. गोळी वरून जाताना आधी पहिल्या डोळ्यावर तिची सावली पडणार, मग दुसऱ्यावर, आणि त्यावरून डबा वेग सांगणार. हे सगळं गुरुनाथला पाठ होतं. सुवर्णाला पाठ होती खंडेनवमी. घरात जे जे चालतं त्याची पूजा व्हायलाच हवी. गाडी झाली, लॅपटॉप झाले, राउटर झाला, एअर फ्रायरसुद्धा झाला. आता हे नवं यंत्र तिच्याकडे डोळे वटारून बघत होतं. त्याचं कपाळ कुठं शोधत बसा? तिनं एका डोळ्यावर ओलं कुंकू लावलं, दुसऱ्यावर ओली हळद. रांगोळीत बक्षिसं मिळवलेला हात तिचा. असे रेखीव गोल उमटले की कंपनीनंही लाजावं. सकाळी फुलं-अक्षता झटकून तिनं डबा जसाच्या तसा खोक्यात ठेवला.

दसऱ्याला नेमबाजीच्या रेंजवर गुरुनाथनं डबा तिकाटण्यावर चढवला. अर्ल वाकून बघायला लागला.

"हे लाल-पिवळं काय आहे?"

गुरुनाथनं ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. पण उन्हाळाभर अभ्यास केलेला माणूस 'ठाऊक नाही' कसं म्हणेल?

"फिल्टर," तो म्हणाला. "लाल एंट्रीचा, पिवळा एक्झिटचा. नवीन टेक्नॉलॉजी आहे."

"स्वस्तातल्यात फिल्टर?" अर्ल हळहळला. "आम्हाला लुटलंच की रे!"

पहिली गोळी सुटली. डबा गप्प. दुसरीला त्यानं असा आकडा दाखवला की तो खरा धरला तर व्हर्जिनियातून सुटलेली गोळी चहाचं आधण उकळायच्या आत नागपूरला पोचावी. तिसरीला गोगलगाईनं ओव्हरटेक करावं असा. गुरुनाथच्या डोळ्यांपुढे बेसमेंटचा कोपरा गरगर फिरायला लागला, चाकासारखा.

"ऊन फार आहे," अर्ल म्हणाला. नेमबाजी थांबवून डब्यावर छत्री बांधली. डबा गप्प. "सावली फार झाली," अर्ल म्हणाला. छत्री काढली. डबा म्हणाला गोगलगाय.

"याला लांबचं दिसत नाहीये," गुरुनाथनं निदान केलं. "जरा डोळ्यांजवळून नेतो."

त्यानं नेम थोडा खाली घेतला. मग आणखी थोडा.

ठाक! डबा तिकाटण्यावरून उडाला, हवेत एक गिरकी घेतली आणि गवतात उताणा पडला. गोळी दोन डोळ्यांच्या मधोमध घुसली होती, आपण टिकली लावतो ना, बरोब्बर तिथं.

गुरुनाथ बाकावर मटकन बसला. "गेला कोपरा."

"कशानं गेला?" अर्लनं बाकावरचं आपलं रडार पुढं सरकवलं. "मी सहज चालू ठेवलं होतं. हे बघ. तुझ्या सगळ्या गोळ्या एका आईच्या लेकरांसारख्या गेल्यात. माझ्यासुद्धा इतक्या सारख्या जात नाहीत!"

घरी आल्यावर त्यानं निकाल सांगितला. सुवर्णा शब्दाची पक्की. "कोपरा तुझा," एवढंच म्हणून ती कढईतल्या जिलब्यांकडे वळली. पण जिंकल्याचा आनंद गुरुनाथला काही होईना. तिची ती पाठ त्याला बघवेना. चाक दिवाणखान्यात मावेल का, असं तो मनाशी मोजत असतानाच बेल वाजली.

दारात अर्ल, काखेत रडार. "मॅडम, गुरूच्या यशाचं गुपित मला कळलंय. ते लाल-पिवळे फिल्टर माझ्या रडारलाही हवेत. कुठं मिळतात?"

"कसले फिल्टर?" सुवर्णानं नवऱ्याला विचारलं. गुरुनाथनं गवतातून आणलेला डबा पुढं केला. तिनं लाल गोल पाहिला, पिवळा गोल पाहिला, आणि पदराला हात पुसत देवापुढची हळदीकुंकवाची कोयरी उचलून आणली. गुरुनाथनं कोयरीकडे बघितलं, मग डब्याकडे.

"तू... डोळ्यांत कुंकू घातलंस?"

"मग? यंत्र आंधळं झालं तरी तू पास झालास ना!" ती हसली आणि अर्लकडे वळली. "हे फिल्टर विकत मिळत नाहीत. पण मी लावून देते. तुमच्या गॅरेजची एक बाजू रिकामी आहे ना? तिथं माझं चाक राहील."

"दोन बाजू रिकाम्या आहेत," अर्ल घाईघाईनं म्हणाला.

"अगं, पण रडारला डोळे नसतात!" गुरुनाथ कळवळला.

सुवर्णानं बोट कुंकवात बुडवलं. "उत्तम. म्हणजे हे सगळं कपाळच."